बारा तासांचा नियम

माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या छातीत गेली चार वर्षं दुसऱ्या कुणाची तरी फुप्फुसं आहेत. कुणाची, ते आम्हाला माहीत नाही. ते सांगायची पद्धतच नाही. मेंदू मृत झालेल्या एका माणसाच्या घरच्यांनी रात्री होकार दिला आणि पहाटे चेन्नईत अक्काला आत नेलं, एवढंच आम्हाला ठाऊक. भेटायला येणारे सगळे अजून ऑपरेशनबद्दलच विचारतात. किती तास लागले, किती टाके पडले, खर्च किती आला. मीही सांगते. पण ऑपरेशन एका दिवसात संपलं. त्यानंतर जे सुरू झालं ते रोज सकाळ-संध्याकाळ चालू आहे, आणि ते संपू नये अशीच आमची प्रार्थना आहे. म्हणून त्याबद्दल लिहिते.

अक्काची स्वतःची फुप्फुसं कबुतरांनी नेली. असं म्हटलं की ती अजून रागावते. "त्यांचा काय दोष गं? त्यांना ज्वारी घालायला मीच गेले नव्हं?" शहापूरच्या घराच्या माडीवर पंचवीस-तीस वर्षं रोज सकाळी तिने दाणे टाकले. सासूबाईंनी घालून दिलेला रिवाज होता तो, जीवदयेचा. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ श्वासातून आत जाते, काही जणांच्या फुप्फुसांना ती सोसत नाही, वर्षानुवर्षं आतून सूज येत राहते आणि शेवटी त्या स्पंजासारख्या अवयवाचं चामडं होतं. 2017 साली आपल्या देशातल्या अशा चामडं होणाऱ्या आजारांची मोठी नोंद प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या जवळपास निम्म्या रुग्णांना हाच प्रकार होता. कुणाला पक्ष्यांमुळे, कुणाला घरातल्या कूलरच्या बुरशीमुळे. आम्हाला हे कळलं तेव्हा अक्का बाथरूमपर्यंत चालताना दोनदा थांबत होती.

त्या दिवसांत बस्तीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता कशाला देहाचे हाल? सल्लेखनेचा विचार करू दे तिला." त्यांचा हेतू वाईट नव्हता. मी घरी येऊन ते अक्काला सांगितलं, कारण तिच्यापासून मी काही लपवत नाही. ती ऑक्सिजनची नळी सावरत म्हणाली, "रत्नकरंड श्रावकाचार मी पण वाचलाय. समंतभद्राचार्यांनी काय म्हटलंय? ज्यावर उपाय उरला नाही असं संकट, दुष्काळ, म्हातारपण, रोग आला तर. उपाय उरला नाही तर! इथं डॉक्टर उपाय आहे म्हणतोय. उपाय असताना घेतली तर ती सल्लेखना कसली?" त्या रात्री तिने प्रत्यारोपणाच्या कागदांवर सही केली.

चेन्नईत मी तिच्याबरोबर चार महिने होते. तिथे मला पहिल्यांदा समजलं की फुप्फुस बसवणं हे अर्धंच काम. आपल्या शरीरात शिपायांची एक फौज सतत फिरत असते. आपलं कोण आणि परकं कोण, एवढंच ती ओळखते. परकं दिसलं की हल्ला. जंतू आला तरी हल्ला, आणि जीव वाचवायला आलेलं फुप्फुस आलं तरी हल्लाच. मूत्रपिंड, यकृत हे अवयव निदान आत, झाकलेले असतात. फुप्फुसाचं तसं नाही. ते प्रत्येक श्वासाला बाहेरच्या हवेला उघडं पडतं. धूळ, धूर, सर्दीचे विषाणू सगळं तिथे येऊन आदळतं आणि प्रत्येक वेळी ती फौज जागी होते. म्हणून बदललेल्या अवयवांत टिकवायला फार अवघड अशांपैकी हा एक.

हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं तेव्हा अक्का बराच वेळ गप्प होती. मग मला म्हणाली, "आपलं शास्त्र सांगतं की आत्मा तेवढा स्व, हे शरीरच मुळी पर. मग ह्या पराला त्या पराचा एवढा राग का गं?" भेदविज्ञानावरची प्रवचनं मी लहानपणापासून ऐकत आले आहे, पण हा प्रश्न मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

नाकारण्याचेही दोन प्रकार आहेत. एक तातडीचा. त्यात शिपाई एकदम तुटून पडतात, पण जोरदार स्टेरॉइड दिलं की बहुतेक वेळा माघार घेतात. दुसरा सावकाश. त्यात ताप नाही, कळ नाही. फुप्फुसातल्या बारीक बारीक श्वासनलिकांच्या भिंतींवर वण धरत जातात, नलिका अरुंद होत जातात आणि एकेक करून बुजतात. माणसाला वाटतं, जरा दम लागतोय, वय झालं. एकदा वण धरलेली नलिका सहसा मोकळी होत नाही. नव्या फुप्फुसाने शिखर गाठलं तेव्हा एका सेकंदात जितकी हवा बाहेर फुंकली जात होती, त्याच्या 20 टक्के किंवा जास्त घट झाली आणि ती टिकून राहिली, दुसरं कारणही सापडलं नाही, की डॉक्टर हा शब्द उच्चारतात. पाच वर्षांत साधारण निम्म्या लोकांवर ही वेळ येते. आम्हाला हे कुणी लपवून ठेवलं नाही, त्याबद्दल मी त्या डॉक्टरांची ऋणी आहे. आकडा ऐकून मी रडले. अक्का म्हणाली, "म्हणजे निम्म्यांवर येत नाही. आपण त्या निम्म्यात राहायचं बघू की."

तर ते बघणं म्हणजे औषधं. मुख्य तीन. टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि प्रेडनिसोलोन. टॅक्रोलिमस शिपायांना हल्ल्याचा हुकूम पोचू देत नाही, मायकोफिनोलेट त्यांची संख्या वाढू देत नाही आणि प्रेडनिसोलोन एकूणच भडका शांत ठेवतं. त्याशिवाय शिपाई झोपलेले असताना शिरणाऱ्या जंतूंसाठी आणखी चार-पाच गोळ्या. जेम्स हार्डी यांनी 1963 साली अमेरिकेतल्या मिसिसिपीत पहिलं फुप्फुस बसवलं, तो रुग्ण 18 दिवस जगला. त्यानंतरची वीस वर्षं बहुतेक अशीच गेली. 1983 मध्ये टोरांटोत जोएल कूपर यांच्या रुग्णाने सहा वर्षांहून जास्त काळ काढला. मधल्या काळात हात पूर्वीपेक्षा कुशल झाले असतील, पण मोठा फरक पडला तो सायक्लोस्पोरिन नावाच्या औषधाने.

ते औषध नॉर्वेच्या एका पठारावरून आणलेल्या मातीतल्या बुरशीत सापडलं. टॅक्रोलिमस 1984 मध्ये जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूत सापडलं. सिरोलिमस नावाचं तिसरं एक ईस्टर बेटाच्या मातीतून आलं. त्यावर आयुष्य घालवणारे सुरेंद्रनाथ सहगल आपल्याकडचेच, पंजाबात जन्मलेले. कंपनीने मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद केली तेव्हा त्यांनी ते जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवले होते. हे सगळं मी अक्काला वाचून दाखवलं तर ती हसायला लागली. कारण त्याच सकाळी आहारतज्ज्ञ बाईंनी तिला बजावलं होतं, की आयुष्यात पुन्हा कुंडीतल्या मातीत हात घालायचा नाही, त्यातली बुरशी फुप्फुसात जाते. "औषध मातीतनं आणि मातीला हात लावायचा नाही! बरं आहे."

त्या आहारतज्ज्ञ बाईंना मात्र आम्ही चकित केलं. पाणी उकळून गाळून प्या, म्हणाल्या. ते आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करतो. शिळं खाऊ नका. आमच्यात पिठालासुद्धा मर्यादा असते, पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. जमिनीखालचं फारसं खाऊ नका म्हणायच्या आत अक्काने सांगितलं की तिने जन्मात कांदा-बटाटा खाल्लेला नाही. झोपण्याआधी तीन तास काही खाऊ नका, पोटातलं आम्ल रात्री वर चढून थेंबाथेंबाने श्वासनलिकेत उतरतं आणि त्यानेही हे सावकाश नाकारणं ओढवतं, असं त्या म्हणाल्या. सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या माणसाला हे काय सांगायचं? तोंडाला पट्टी बांधा, म्हणाल्या. आमच्यातल्या काही पंथांचे साधू तर आयुष्यभर बांधतात. फक्त एका गोष्टीने अक्काला वाईट वाटलं. पपनस बंद. चकोतऱ्याच्या जातीच्या फळांमुळे टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण एकदम चढतं. माहेरच्या परसात पपनसाचं झाड होतं आमच्या.

अडलं ते घड्याळापाशी.

टॅक्रोलिमस आणि मायकोफिनोलेट बारा बारा तासांनी घ्यायचं. टॅक्रोलिमसची धार फार अरुंद असते. रक्तात कमी पडलं तर फौज जागी होते, जास्त झालं तर हात थरथरतात, मूत्रपिंडं बिघडतात, साखर चढते. पहिल्या वर्षी तिचं प्रमाण मिलिलिटरला 10 ते 15 नॅनोग्राम राहायला हवं होतं. सकाळची गोळी घेण्याआधी, म्हणजे आदल्या गोळीला बरोबर बारा तास झाले असताना रक्त काढायचं. वेळ मागेपुढे झाली की आकडा खोटा येतो. शिवाय जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तास.

आणि अक्काचा नियम वयाच्या सोळाव्या वर्षापासूनचा. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबसुद्धा नाही, सूर्योदयानंतर दोन घडी होईपर्यंत नाही. बाळंतपणात मोडला नाही, टायफॉइडमध्ये मोडला नाही. चेन्नईच्या त्या भाड्याच्या खोलीत पंचांग उघडून आम्ही दोघी गणित घालत बसलो. बेळगावात डिसेंबरात दिवस जेमतेम सव्वाअकरा तासांचा. म्हणजे दोन्ही गोळ्या उजेडात बसूच शकत नाहीत. उन्हाळ्यात दिवस तेरा तासांचा असतो, पण दोन्ही टोकांच्या दोन दोन घड्या वगळल्या तर तेही जमत नाही. सूर्याबरोबर रोज थोडं थोडं सरकवत नेलं तर? तिथल्या समन्वयक सिस्टर म्हणाल्या, "अम्मा, अर्धा तास चालेल कधीतरी. पण रोज वेळ बदललीत तर मी तुमचा डोस कसा ठरवू?"

त्यात आणखी एक गोष्ट उघड झाली. टॅक्रोलिमसची कॅप्सूल. तिचं कवच जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडांचं आणि कातड्याचं. कवच उघडून नुसती पूड घेऊ का, असं अक्काने विचारलं. ती पूड उघड्यावर हाताळायची नसते आणि डोसही नेमका राहत नाही, म्हणून नाही म्हणाले. दुसरी कंपनी बघू का? कंपनी बदलली की प्रमाण पुन्हा सगळं तपासायचं, पहिल्या महिन्यांत तो धोका नको, म्हणाले. अक्का त्या रात्री कॅप्सूल हातावर घेऊन बसली होती. सव्वासात वाजले होते, बाहेर अंधार. मी तिच्यावर ओरडले नाही, समजावलंही नाही. नुसती बसून राहिले. साडेसातला तिने ती घेतली, दोन घोट पाण्याबरोबर, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

बेळगावात परत आल्यावर तिने चातुर्मासाला आलेल्या आर्यिका माताजींना सगळं सांगितलं. मी शेजारी होते. माताजींनी आधी औषधाबद्दलच बारीक बारीक विचारलं, एखाद्या डॉक्टरसारखं. न घेतलं तर काय होतं? किती दिवसांत होतं? मग म्हणाल्या, श्रावकाला चार हिंसांपैकी संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. मारण्याचा संकल्प तुझा नाही. चुटपुट राहू दे, ती चांगली आहे, पण गोळी चुकवू नकोस. नियम मोडत मोडत पाळण्यापेक्षा जेवढा पाळता येईल तेवढा नव्याने घे.

अक्काने तिथेच नवा नियम घेतला. रात्री अन्न नाही. औषध आणि औषधापुरतं पाणी मोकळं. सकाळी सात आणि संध्याकाळी सात. आणि या नियमाला तिने तिच्या भाषेत एक पोटकलम जोडलं, की सातची वेळ चुकली तर त्याचं प्रायश्चित्त घ्यायचं. मला वाटतं, औषधाचा डबा देवघराशेजारी ठेवणारी ती बेळगावातली एकमेव बाई असेल. डॉक्टर लोक ज्याला शिस्त म्हणतात ती तिच्याकडे चाळीस वर्षांची तयार होती, फक्त तिचं तोंड दुसरीकडे वळवावं लागलं.

पुढे दिवसातून एकदाच घ्यायचं टॅक्रोलिमस मिळतं असं कळलं. स्कँडिनेव्हियातल्या रुग्णालयांनी जवळपास अडीचशे रुग्णांवर केलेला अभ्यास 2023 मध्ये लॅन्सेटच्या श्वसनविषयक मासिकात आला. तीन वर्षांत सावकाश नाकारण्याचं प्रमाण दोनदा घ्यायच्या सायक्लोस्पोरिनवर 39 टक्के आणि एकदा घ्यायच्या टॅक्रोलिमसवर 13 टक्के. अक्काच्या डॉक्टरांनी वर्षभराने तिला त्यावर नेलं, रक्त तपासत तपासत. सकाळची एक वेळ. पण मायकोफिनोलेट दोनदा ते दोनदाच. त्यामुळे संध्याकाळचे सात काही सुटले नाहीत. "नियमच आहे ना तो," ती म्हणाली.

लोकांचा त्रास वेगळाच. करोनापासून घरोघरी काढे सुरू झाले. कुणी गुळवेल घेऊन येतं, कुणी अश्वगंधा, कुणी च्यवनप्राशाचा डबा. "प्रतिकारशक्ती वाढते, वहिनी!" सगळं जग जी वाढवायला धडपडतंय तीच कमी ठेवायला आमची अक्का महिन्याला हजारो रुपये मोजते, हे कुणाला पटतच नाही. एका नातेवाइकाने तर सांगितलं, "चेहरा बघा किती टवटवीत झालाय, आता गोळ्या अर्ध्या करा." तो टवटवीतपणा प्रेडनिसोलोनचा होता. गाल त्यानेच फुगतात. अक्का सगळ्यांना हात जोडते, डबे ठेवून घेते आणि बाईला देऊन टाकते. दुसऱ्या एका डॉक्टरने साध्या खोकल्यावर क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं, तेव्हा ती चिठ्ठी तिने आधी चेन्नईला पाठवली. त्याने टॅक्रोलिमस भलतंच चढतं. रिफॅम्पिसिन या क्षयाच्या औषधाने उलट ते पार उतरतं. जुलाब लागले तरी चढतं. एवढं सगळं ती आता पाठ म्हणते, पूर्वी पूजा म्हणायची तशी.

रोज सकाळी ती एका लहान यंत्रात फुंकते आणि मी घालून दिलेल्या वहीत आकडा लिहिते. तिचा उत्तम आकडा 1.90 लिटर. म्हणजे 1.52 ही आमची लक्ष्मणरेषा. गेल्या पावसाळ्यात नातवाची सर्दी तिला लागली. ताप दोन दिवसांत उतरला, पण वहीतला आकडा उतरतच गेला. 1.84, 1.77, 1.70, 1.66. तिला काहीच जाणवत नव्हतं. जिना चढत होती, बस्तीत जात होती. आकड्याने सांगितलं नसतं तर आम्हाला कळलंच नसतं. दहा टक्क्यांची घट दिसताच फोन करायचा हा तिकडचा दंडक. दुसऱ्या दिवशी आम्ही चेन्नईच्या गाडीत होतो.

दुर्बीण घालून तुकडा काढला, स्कॅन झाला, दात्याच्या पेशींविरुद्ध रक्तात प्रतिपिंडं तयार झाली आहेत का ते तपासलं. ती नव्हती. तातडीच्या नाकारण्याच्या खुणा होत्या. तीन दिवस शिरेतून स्टेरॉइड दिलं, आणि आठवड्यातून तीनदा अझिथ्रोमायसिन सुरू केलं. ते इथे जंतूंसाठी नसून नलिकांतली सूज दाबण्यासाठी असतं. क्लॅरिथ्रोमायसिनच्याच घराण्यातलं, पण टॅक्रोलिमसला फारसं हलवत नाही. महिन्याने आकडा 1.78 वर आला आणि तिथेच थांबला. 1.90 पुन्हा दिसला नाही. गेलेले 120 मिलिलिटर म्हणजे कायमचा वण आहे की आणखी काही, ते आता वही सांगेल.

परतीच्या गाडीत मी तिला विचारलं, "भीती वाटते का गं?" ती म्हणाली, "वाटते की. पण कसं आहे, आधी मला वाटायचं फुप्फुस मला दान मिळालं. आता वाटतं, सांभाळायला दिलंय. आपल्यात चार दानं सांगितली आहेत, आहार, औषध, शास्त्र आणि अभय. ह्या माणसाने मला यातलं कुठलं दिलं, मला ठरवता येत नाही. पण त्याला अभय द्यायचं काम माझ्याकडे आहे. माझीच माणसं त्याच्या अंगावर धावून जाणार, आणि मी त्यांना सकाळ-संध्याकाळ सांगायचं, थांबा."

अंगावर धावून जाणारी तिची माणसं वाईट नाहीत, हे तिने पुढे स्वतःच सांगितलं. आजवर त्यांनीच तिला टायफॉइडमधून काढलं होतं. त्यांना फक्त घरी आलेला पाहुणा ओळखता येत नाही, आणि तो ओळखायला शिकवणारं औषध अजून निघालेलं नाही. तोवर त्यांना गुंगीत ठेवायचं, पण इतकंही नाही की दारातून खरा चोर आत यावा. डॉक्टरांची सारी विद्या ह्या दोन टोकांच्या मधल्या बोळात चालते, आणि अक्काचा सगळा संसारही आता त्याच बोळात आहे.

दशलक्षण पर्वात ती आता उपवास करत नाही. उत्तम तपाच्या दिवशीसुद्धा वेळेवर जेवते, कारण गोळ्यांना जेवणाची वेळ ठरलेली हवी. क्षमावाणीच्या दिवशी मात्र तिची यादी वाढली आहे. घरच्यांची, शेजाऱ्यांची, सुनांची क्षमा मागून झाली की ती त्या अनोळखी घरच्यांचीही मागते, ज्यांनी एका रात्रीत होकार दिला. गेल्या वर्षी तिने त्यात कबुतरं घातली, दाणे बंद केले म्हणून. मी म्हटलं, "अगं, त्यांनीच तुझी मागायला हवी." ती म्हणाली, "मागतील की. त्यांची वेळ आली की." मग घड्याळाकडे बघून उठली. सात वाजायला पाच मिनिटं होती.